साठ पुंगळ्या

टाउनो रौतिओचं पत्र मला चौदा ऑक्टोबरला मिळालं. साल दोन हजार पाच. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

पत्र दीड पानाचं होतं. टाउनो पेन इतकं दाबून लिहायचा की कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी ओळी मोजता यायच्या. आमची तांब्याची खाण बंद पडली तेव्हा तो गावाशेजारच्या मोठ्या सरोवराला वळसा घालून मिनेसोटात लोखंडाच्या खाणीवर गेला आणि तिथेच राहिला. फोनचा त्याला उपयोग नव्हता. तीस वर्षं खडक फोडण्यात आणि उरलेला वेळ नेमबाजीत गेल्यामुळे त्याचे कान निकामी झाले होते. फोनवर तो फक्त "काय?" म्हणायचा. म्हणून तो पत्रं लिहायचा आणि मी उत्तरं द्यायचो. मला ते सोयीचं होतं. समोरासमोर बोलणं मला कधी जमलं नाही. पस्तीस वर्षं गावच्या वाचनालयात काढली ती काही उगाच नव्हे.

पत्रात असं होतं:

"आर्वो, रायफल अखेर आली. बापाने कोरियात वापरली तसलीच, आठ काडतुसांची, आपोआप भरणारी. लाकडावर कुणीतरी चाकूने एक अक्षर कोरलंय, ते मी तसंच ठेवणार आहे. आता काडतुसं भरायची. प्रश्न डायचा आहे. माझ्याकडे आपली जुनी मानेची डाय आहेच. कॅटलॉगात आणखी दोन दिसतात. एक साधी, पूर्ण अंगाची. दुसरी बुडाशी जरा जास्त आवळणारी, ती म्हणे खास अशा रायफलींसाठी. क्लबात दोघं एक सांगतात आणि तिघं दुसरं. तू वाचून बघ आणि सांग. टर्कीच्या नेमबाजीआधी कळलं तर बरं. तोवर थांबतो. फारच झालं तर आहे ती वापरीन."

ज्यांनी कधी काडतूस भरलं नाही त्यांना एवढं सांगायला हवं. गोळी सुटली की पितळेची पुंगळी फुगते आणि रायफलीच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, आतून घट्ट बसते. ती पुन्हा वापरायची तर डायमध्ये घालून दाबून मूळ मापावर आणावी लागते. बोल्ट म्हणजे काडतुसामागे चेंबर बंद करणारा पोलादी दांडा. तो हाताने बंद करायच्या शिकारी रायफलीला आमच्याकडची जुनी माणसं फक्त पुंगळीची मान दाबत. अंग फुगलेलंच ठेवत. पुंगळी त्या रायफलीच्या मापाची झालेली असते, नेम चांगला लागतो आणि पितळही जास्त दिवस टिकतं. आमच्या भागात ही अभिमानाची गोष्ट होती. पूर्ण अंग दाबणाऱ्या माणसाकडे लोक, दुकानातून केक आणून घरी भाजला म्हणून सांगणाऱ्या बाईकडे बघावं तसे बघत. टाउनोने आणि मी सोळा वर्षांचे असताना टाउनोच्या बापाकडून हे शिकून घेतलं आणि पुढे चाळीस वर्षं तसंच केलं.

पण आपोआप भरणाऱ्या रायफलीत हात नसतो, स्प्रिंग असते. पुंगळी जरा जाड असेल तर बोल्ट बंद करताना हाताला ते कळतं आणि माणूस थांबतो. स्प्रिंगला कळत नाही. ती काडतूस ठोसून आत ढकलते, आणि ते वाटेत अडलं तर बोल्ट पुरता बसण्याआधीच बार उडू शकतो.

हे मला माहीत होतं. पत्र वाचलं त्याच दिवशी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, मला हे माहीत होतं.

मग मी लिहिलं का नाही? मी तीन मसुदे केले. पहिल्यात लिहिलं, साधी घे. दुसऱ्यात लिहिलं, जास्त आवळणारी घे. मग वाटलं, आधी नीट बघावं. वाचनालयातून तीन पुस्तकं घरी आणली, मार्केट शहरातल्या मोठ्या वाचनालयातून आणखी दोन मागवली. एका पुस्तकात होतं की जास्त आवळल्याने पितळ लवकर चिरतं. दुसऱ्यात होतं की न आवळल्याने काडतूस अडकतं. मी टिपणं काढत बसलो. त्याने दोनांतली एक विचारली होती आणि मला दोनांतली एक ठरवता येत नव्हती. तिसरीबद्दल, म्हणजे त्याच्याकडे होती तिच्याबद्दल, मला खात्री होती. पण त्याने ते विचारलं नव्हतं. शिवाय चाळीस वर्षं काडतुसं भरणाऱ्या माणसाला 'मानेची वापरू नकोस' असं सांगणं मला आगाऊपणाचं वाटलं. आमच्यात एकाने दुसऱ्याच्या भरणीत बोट घालू नये असा रिवाज आहे. कुणी कुणाची भरलेली काडतुसं उडवत नाही आणि कुणी कुणाला न विचारता सल्ला देत नाही. त्या रिवाजाच्या आड मी लपलो, हे मला आता दिसतं. तिसरा मसुदा 'प्रिय टाउनो' आणि एक स्वल्पविराम एवढाच राहिला.

नोव्हेंबरात, आभारदिनाच्या आधीच्या रविवारी टर्कीची नेमबाजी असते. नेम लागला की गोठवलेली टर्की घरी न्यायची. डिसेंबरात त्यांच्या क्लबचं पत्रक आलं. तिसऱ्या पानावर तळाशी चार ओळी होत्या. टाउनो रौतिओ यांच्या रायफलीत बोल्ट बंद होण्याआधी बार झाला. उजवा डोळा वाचवता आला नाही. सर्व सभासदांनी चष्मा घालावा.

त्यानंतर लिहायचं काय? दिलगिरी लिहायची तर कशाबद्दल ते लिहावं लागणार. नाताळात त्याचं कार्ड आलं. हिरवं झाड, खाली दाबून लिहिलेलं 'टाउनो'. मीही कार्ड पाठवलं, खाली 'आर्वो'. एकोणीस वर्षं हेच चाललं. त्याने डोळ्याचं लिहिलं नाही आणि मी पत्राचं लिहिलं नाही.

यंदा मे महिन्यात, एका शनिवारी सकाळी, मी सौनासाठी, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं फोडत असताना अंगणात एक निळी गाडी थांबली. गाडीतून उंच, पिकत चाललेल्या केसांची एक बाई उतरली आणि तिने मागच्या सीटवरून रायफलीची लांब पेटी काढली. ती चालायला लागल्यावर मी तिला ओळखलं. बापासारखी, डावा खांदा पुढे काढून.

"आर्वोकाका, ओळखलंत का? की पुस्तकात बघून सांगणार?"

"मार्लिस," मी म्हणालो. "तू... आत ये. कॉफी आहे."

"कॉफी असणारच. फिनलंडची माणसं मेली तरी कॉफी असते."

ती टाउनोची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती आमच्या वाचनालयात चित्रांची पुस्तकं उलटी धरून वाचायची. आता ती दुलूथला शाळेत गणित शिकवते. स्वयंपाकघरात तिने पेटी टेबलावर ठेवली. मी वेलदोड्याच्या पावाचे तुकडे केले, एक खाली पडला. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"बाबा ऐंशीचे झाले," ती म्हणाली. "रायफल इतकी वर्षं गादीखाली होती. मी ती दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने बोल्ट बदलला, सगळं तपासलं, आता ठणठणीत आहे म्हणतोय. बाबांना आता ती चालवता येणार नाही. मी म्हटलं, मी चालवते. पुढच्या रविवारी इथे तुमच्या क्लबात जुन्या लष्करी रायफलींची नेमबाजी आहे ना? जिथे त्यांनी सुरुवात केली तिथेच."

"टाउनो येणार आहे?"

"येणार. खुर्चीवर बसून शिव्या घालायला. म्हणाले, 'आर्वोला विचार डाय कुठली घ्यायची. तो तीन आठवडे वाचेल, पण सांगेल ते बरोबर असेल.' मी म्हटलं, बाबा, आपल्याकडे आठच दिवस आहेत. तर म्हणाले, 'मग आजच निघ.'"

मी कॉफी ओतत होतो. कप भरून बशीत आली तरी मी ओतत राहिलो.

"तेव्हाही तुम्हाला विचारलं होतं म्हणे," ती बशी आपल्याकडे ओढत म्हणाली. "पण पत्र टपालात हरवलं."

"असं टाउनो म्हणतो?"

"आई होती तेव्हा तिला सांगायचे. मला सांगतात. क्लबात कुणी म्हणालं की आर्वोला विचारायचं होतंस, तर त्यालाही तेच. पत्र हरवलं. म्हणताना खिडकीबाहेर बघतात."

ते पत्र माझ्यापासून दहा पावलांवर होतं. शेजारच्या खोलीतल्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, पक्ष्यांच्या पुस्तकात ठेवलेलं. 

मार्लिसने पेटीच्या कप्प्यातून प्लास्टिकचा जुना डबा काढला. "आणि हे बघा, निम्मं काम झालेलं आहे. बाबांनी तेव्हा ऐंशी पुंगळ्या तयार केल्या होत्या, वीस भरल्या. साठ तशाच राहिल्यात. बुडाशी ठिणगीच्या नव्या टोप्या बसवायच्या, दारू घालायची, गोळी दाबायची. वर्गात मुलांना सांगते ना, उरलेलं गणित सोपं असतं. डाय पुढच्या वेळेला घेऊ. आज संध्याकाळी भरू?"

मी डबा उघडला. पुंगळ्या ओळीत उभ्या होत्या, काळपट पडलेल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. प्रत्येक डब्यात काय केलंय ते चिठ्ठीवर लिहायचं, हे टाउनोच्या बापाने आम्हा दोघांना सगळ्यात आधी शिकवलं होतं. तारीख होती बारा नोव्हेंबर. त्याखाली:

"८०. फक्त मान. २० टर्कीला. बाकी आर्वोचं उत्तर आल्यावर."

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मार्लिसने ती अनेकदा पाहिली असणार, तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"संध्याकाळी नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "या पुंगळ्या अशा नाही भरायच्या. ये."

माझं भरणीचं टेबल मागच्या पडवीत आहे. शिकार सोडून बारा वर्षं झाली, पण प्रेस, म्हणजे डाय बसवायचं हाताचं यंत्र, मी दर महिन्याला पुसतो. खणातून गेज काढलं. गेज म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीचा पोलादी तुकडा. त्यात आरपार भोक पाडलेलं असतं, आतून बरोबर चेंबरच्या मापाचं. पुंगळी त्यात टाकायची. बूड कडेबरोबर बसलं तर माप ठीक.

"तू टाक," मी म्हणालो.

"तुम्ही टाका की."

"तू. तुझी रायफल."

तिने डब्यातली एक पुंगळी उचलून गेजमध्ये सोडली. ती खाली गेली आणि थांबली. तिने वरून अंगठा फिरवला. अंगठा अडला. बूड कडेच्या वर राहिलं होतं, नखाच्या जाडीपेक्षा थोडं जास्त.

"दाबू का?"

"नको. दाबायचं काम स्प्रिंग करते."

तिने दुसरी टाकली, तीही तशीच. तिसरी, चौथी. दहा झाल्यावर तिने मोजणं थांबवलं आणि अंगठा नुसताच त्या उंचवट्यावरून पुढे मागे फिरवत राहिली. गणिताच्या बाईंना समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे टोपी खराब नव्हती," ती म्हणाली. "दुरुस्तीवाला म्हणाला टोपी वर राहिली असेल. डॉक्टर म्हणाले नशीब. बाबा म्हणतात, जुनी रायफल. एकोणीस वर्षं घरात हेच चाललंय. आणि ही इतकी साधी चूक होती? बाबांना कळलं नाही? चाळीस वर्षं काडतुसं भरणाऱ्या माणसाला?"

"हाताच्या रायफलीला हेच बरोबर असतं," मी म्हणालो. "आम्हाला हेच शिकवलं होतं."

"पण या रायफलीला चूक. मग चूक त्यांचीच." तिने पुंगळी डब्यात परत ठेवली. रागात नव्हे, अगदी सावकाश. "बरं झालं मला आज कळलं ते. त्यांना नाही सांगणार मी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "दुकान बाराला बंद होतं."

आमच्या गावात हार्डवेअरचं एकच दुकान आहे. व्हर्न ट्रेथेवी ते चालवतो. तो माझ्याबरोबर शाळेत होता आणि अजून माझ्याशी तसाच बोलतो.

"अरे देवा, ग्रंथपालसाहेब! चुकून आलास की रस्ता विचारायला? आणि ही कोण? टाउनोची पोरगी? म्हातारा अजून आहे का?"

"आहे," मार्लिस म्हणाली. "तुमच्याबद्दल विचारत होते. म्हणाले, व्हर्न अजून वजनात मारतो का बघ."

"खिळे मोजून देतो आता, सांग त्याला." व्हर्न खूश झाला. "काय हवंय?"

मी सांगितलं. त्याने मागच्या फळीवरून दोन डबे काढून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. साधी पूर्ण अंगाची आणि बुडाशी जास्त आवळणारी. एकाच आकाराचे डबे, एकाच रंगाचे. एकोणीस वर्षांपूर्वी कॅटलॉगात बहुधा हेच चित्र होतं.

मी उजवा डबा उचलला. ठेवला. डावा उचलला. लेबल वाचलं. मागचं लेबल वाचलं. मला आठवलं की एका पुस्तकात टीप होती, ती मी तेव्हा उतरवून घेतली होती, आणि त्या टिपेखाली आणखी एक टीप होती. मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"डाय घ्यायचीय की लग्न करायचंय, आर्वो?" व्हर्न म्हणाला. "दोन्हीला उशीर झालाय तसा."

मार्लिस हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "काका, खरं सांगा, फरक किती पडतो?"

मी पहिल्यांदाच त्या प्रश्नाकडे सरळ बघितलं. "या दोन्हींत थोडा," मी म्हणालो. "साध्या डायने दाबलेली पुंगळी गेजमध्ये बसली आणि रायफलीत सहज गेली, तर साधीच पुरते. पितळ जास्त टिकतं. नाहीच बसली तर दुसरी घ्यायची. दोन्हींतली कुठलीही घेतली तरी माणूस घरी डोळे घेऊन जातो."

"मग साधी द्या," मार्लिस व्हर्नला म्हणाली.

"झालं?" व्हर्न म्हणाला. "मी तर जेवणाचा डबा उघडणार होतो."

घरी आलो. लोकरीच्या मेणाचा डबा उघडून मी तिला दाखवलं, बोटांच्या टोकांना जरासं लावून पुंगळीच्या अंगावरून कसं फिरवायचं ते. मेण कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते, जास्त झालं तर पुंगळीच्या मानेखालच्या खांद्याला खळगा पडतो. तिने एक अडकवली, एक खळग्याची केली आणि तिसरी बरोबर. डाय प्रेसमध्ये फिरवत फिरवत खाली आणायची, दर वेळी पाव फेरा, मग पुंगळी दाबायची, पुसायची आणि गेजमध्ये टाकून बघायची. प्रेसचा दांडा मी धरला नाही. तिनेच ओढला. अर्धा उंचवटा उरला. पाव उरला. मग एक पुंगळी गेजमध्ये गेली आणि 'टक' असा बारीक आवाज झाला. तिने अंगठा फिरवला. अंगठा कुठेच अडला नाही. तिने डोळे मिटून पुन्हा फिरवला.

ती पुंगळी आम्ही रायफलीच्या चेंबरमध्ये नुसती रिकामी बसवून पाहिली. स्वतःच्या वजनाने आत गेली, रायफल उलटी केल्यावर स्वतःच्या वजनाने बाहेर आली.

मार्लिसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दुकानात पाच मिनिटं आणि इथे वीस," ती म्हणाली. "एवढ्यासाठी."

ती पंचवीस मिनिटं मोजून झाल्यावर मला बसवेना. मी उठलो, आतल्या खोलीत गेलो, खालून दुसऱ्या फळीवरचं पक्ष्यांचं पुस्तक काढलं आणि पत्र आणून प्रेसच्या शेजारी, मेणाच्या डब्याजवळ ठेवलं. पाकिटावर टाउनोचं अक्षर होतं. शिक्क्यावर तारीख होती.

"हरवलं नव्हतं," मी म्हणालो.

तिने हात पुसले, दोन्ही बाजूंनी, नीट. पत्र काढून वाचलं. शेवटच्या ओळी ती परत वाचत होती हे मला कळलं, कारण तिचे ओठ हलत होते. मग तिने डब्याचं झाकण उघडून चिठ्ठी वाचली. पत्र आणि चिठ्ठी शेजारी शेजारी धरली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मानेची नको, एवढं माहीत होतं. बाकीच्या दोन्हींतली कुठली ते ठरत नव्हतं. मी ते ठरवत बसलो."

"पाच आठवडे."

"हो."

"एक ओळ, काका. 'टाउनो, मानेची नको, बाकी मागाहून कळवतो.' एक ओळ!"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली. बाहेर मी अर्धी फोडलेली लाकडं पडली होती.  मला काहीतरी म्हणावंसं वाटलं, माफी वगैरे, आणि मी तोंड उघडलंही.

"मला नका सांगू," ती मागे न बघता म्हणाली. "मी नाही विचारलं होतं. ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर द्या."

"रविवारी तो येईल तेव्हा..."

"रविवारी त्यांना ऐकू येणार नाही. सगळ्यांसमोर तुम्ही ओरडणार आहात का? पत्राचं उत्तर पत्राने देतात." ती वळली. डोळे कोरडे होते, पण नाक लाल झालं होतं. "आणि मीही तुमचा निरोप घेऊन जाणार नाही. टपालाने पाठवा. ते नेहमी टपालाला दोष देतात."

मग ती परत टेबलाशी आली आणि उरलेल्या पुंगळ्या एकामागून एक दाबू लागली. मी मेण लावून द्यायचो, ती दांडा ओढायची, गेजमध्ये टाकायची, अंगठा फिरवायची.  अठ्ठावन्न पुंगळ्या बरोबर झाल्या. अडकलेली आणि खळग्याची अशा दोन मी पक्कडीने चेपून भंगाराच्या बरणीत टाकल्या. जुनी चिठ्ठी तिने काढली नाही. खाली नवी चिकटवली आणि पेन्सिलने लिहिलं: "५८. पूर्ण अंग, साधी डाय. गेज पाहिलं. मार्लिस." टोप्या आणि दारू ती घरी बापाच्या टेबलावर भरणार होती, त्याच्या डोळ्यासमोर.

निघताना तिने पावाचा उरलेला तुकडा कागदात बांधून घेतला. "बाबांना आवडतो," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर काच खाली केली. "ते खिडकीबाहेर का बघतात ते आता कळलं."

"म्हणजे त्याला माहीत आहे?"

"मला काय माहीत, काका. लिहून विचारा."

सौनाची लाकडं मी त्या दिवशी फोडली नाहीत. टेबलाशी बसलो. पुस्तकांकडे पाठ करून बसलो, कारण समोर असली की हात तिकडे जातो. पहिला मसुदा मोठा झाला. त्यात पुस्तकांची नावं होती आणि मी किती वाचलं ते होतं. तो मी चुलीत टाकला. दुसऱ्यात माझ्याबद्दलच जास्त होतं, तोही टाकला. रविवारी सकाळी, चर्चला न जाता, तिसरा लिहिला.

"टाउनो,

तुझं डायचं पत्र मला तेव्हाच, चौदा ऑक्टोबरला मिळालं होतं. ते टपालात हरवलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे.

साधी, पूर्ण अंगाची डाय. गेजमध्ये बघून लावायची. जास्त आवळणारी लागत नाही. मानेची या रायफलीला कधीच नाही. हे शेवटचं मला तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी माहीत होतं, आणि मी लिहिलं नाही. तू टर्कीपर्यंत थांबलास हे मला काल चिठ्ठीवरून कळलं.

चूक तुझी नव्हती. मार्लिसला मी सांगितलं आहे.

रविवारी क्लबात माझ्याशेजारी बसायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्या डावीकडे बसेन, म्हणजे तुला दिसेन.

आर्वो"

स्वल्पविराम तपासले नाहीत. दुसऱ्यांदा वाचलं तर राहील, म्हणून वाचलं नाही. घडी घातली, पाकिटात घातलं, जीभ लावून चिकटवलं.

सोमवारी आठ वाजता टपाल कचेरी उघडते. मी पावणेआठला पायरीवर होतो. खिडकीतल्या बाईने पाकीट तराजूवर ठेवलं आणि पत्ता वाचला.

"मिनेसोटा. तीन दिवस. गुरुवारी मिळेल."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, घाई असेल तर जलद पाठवता येतं."

"नको," मी म्हणालो. "नुसतं हरवायला नको."

"आमच्याकडून पत्रं हरवत नाहीत, मिस्टर केम्पाइनेन," ती जरा लागल्यासारखं म्हणाली आणि शिक्का मारला. पाकीट टोपलीत टाकायला तिने हात पुढे केला, पण मी ते तिच्याकडून परत मागितलं. दाराशेजारच्या पितळी फटीपाशी गेलो, पाकीट आत सरकवलं आणि पलीकडे पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबलो.